गोंदावरचं छत आणि कमानीवरचं छत: अमळनेरच्या एका फियाटचं प्रकरण

गाडी १९७३ ची, कागदांवर नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ‘फियाट ११०० डिलाइट’ला १९७२ मध्ये हे नाव दिलं आणि १९७४ मध्ये त्याच गाडीची ‘पद्मिनी’ झाली. त्यामुळे प्रेसिडेंट नावाच्या गाड्या मुळातच थोड्या. अमळनेरात मात्र तिला सगळे फियाटच म्हणतात. मालक आप्पा, वय ऐंशीच्या घरात, कापसाचा व्यापार मुलांच्या हाती सोपवलेला. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. इथेच सुरू झालेल्या विप्रोचे जुने शेअर न विकता धरून बसलेल्या अमळनेरच्या घरांचे किस्से खान्देशात सगळ्यांना पाठ आहेत. आप्पांकडे शेअर टिकले की नाही हे आम्ही विचारलं नाही, गाडी टिकली होती.

तक्रार छताची. आदल्याच्या आदल्या दिवाळीत आप्पांनी आतलं लायनिंग नवं करून घेतलं होतं. बिस्किटी रंगाचं, मऊ, हात लावला की दबणारं कापड. दिसायला छान. पहिल्या उन्हाळ्यात मागच्या सीटच्या वर त्याला पोट सुटलं. पावसाळ्यात ते थोडं वाढलं, आणि दुसऱ्या मार्चमध्ये मागे बसणाऱ्याच्या डोक्याला कापड टेकायला लागलं. घरच्यांनी टाचण्या टोचून ते वर धरलं होतं. खिडक्या उघड्या ठेवून गाडी जरा पळवली की टाचण्या मांडीवर पडायच्या. गाडी जळगावला आमच्या गॅरेजात आली तेव्हा आप्पांची मागणी एकच होती. “आखाजीले पोरी येतीन, तवलोंग गाडी जोयजे.” आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, तोवर गाडी हवी. खान्देशात आखाजीचा शब्द म्हणजे शब्द. लेकी माहेरी येणार, त्यांना स्टेशनवरून आणायला हीच गाडी जाणार.

त्यांच्या मुलाचा प्रस्ताव सोपा होता: चांगलं सोल्यूशन, म्हणजे रबरी गोंद, लावून तेच कापड पुन्हा चिकटवा. दोन तासांचं काम. आम्ही नाही म्हटलं, आणि हे प्रकरण लिहून ठेवण्यासारखं वाटलं ते त्या नकारामागच्या कारणांमुळे.

काय सुटलं होतं

लायनिंग लोंबलं की बहुतेक लोक गोंदाला दोष देतात. गोंदाचा दोष असतोही, पण आधी फोम कुठे राहिला ते बघायचं. या कापडाच्या पाठीला पातळ फोम असतो आणि तो फोम चिकटवलेला असतो. कापड खाली आलं आणि फोम वर पत्र्यालाच राहिला, तर फोम कुजला. फोम कापडासोबत खाली आला आणि पत्रा मोकळा दिसला, तर गोंद सुटला. आम्ही टाचण्या काढून कापड हळूच सोललं. मागच्या भागात फोम कापडाबरोबर आला आणि त्याच्या पाठीवर गोंदाचा चकचकीत पापुद्रा होता, वर धूळ बसलेली. म्हणजे तिथे गोंदाने पत्रा सोडला होता. पुढे, आरशाच्या वरच्या पट्ट्यात, फोम मधूनच फाटला होता. अर्धा वर, अर्धा खाली. एकाच छतात दोन आजार.

गाडीचा मूळ रंग क्रीम. मधल्या काळात कधीतरी ती गडद मरून झाली होती. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या गडद गाडीच्या टपाला हात लावून बघा. लावाल, पण ठेवणार नाही. साधं रबर सोल्यूशन ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि असं टप ते तापमान सहज गाठतं. त्या गोंदाने दुपारभर मऊ होऊन, वर कापडाचा भार सोसत, रात्री पुन्हा घट्ट व्हायचं. असं रोज.

पण खरी गोष्ट गोंदाच्याही आधीची होती. आमच्याकडचे सीटकव्हरवाले चाचा, ज्यांनी पद्मिनी आणि अँबेसेडरच्या काळापासून हेच काम केलंय, त्यांनी मान आत घालून दरवाज्यांच्या वरच्या पट्टीवर बोट फिरवलं आणि बोट थांबलं ते एका भोकावर. गोंद आणि फोमने बुजलेलं भोक. पुढे आणखी एक. समोरच्या बाजूलाही तशीच. चाचा बाहेर आले आणि आप्पांना विचारलं, “तारा कुठे गेल्या?”

आप्पांना कसल्या तारा ते आधी कळलं नाही. मग आठवलं. मागच्या कारागिराने जुनं छत काढलं तेव्हा त्यातून वाकड्या सळ्या निघाल्या होत्या. “आता याची गरज नाही” म्हणून त्याने त्या भंगारात टाकल्या.

या गाड्यांचं मूळ छत पत्र्याला चिकटवलेलं नसतंच. आडव्या पट्ट्या एकमेकींना शिवून एक मोठं कापड करतात. प्रत्येक शिवणीच्या पाठीला सुती कापडाची नळी शिवलेली असते. त्या नळीतून कमानीसारखी वाकवलेली तार जाते आणि तारेची दोन टोकं दोन्ही बाजूंच्या पट्टीतल्या भोकांत बसतात. कापड कमानींवर टांगलेलं आणि चारी कडांना ताणून धरलेलं. गोंद लागतो तो फक्त कडांना, आणि तिथे तो कापडाला आडवी ओढ देतो. आडव्या ओढीला गोंद चांगला टिकतो. सोलून काढणाऱ्या ओढीला नाही. छताच्या मधोमध पत्र्याला चिकटवलेलं कापड स्वतःच्या वजनाने रोज स्वतःला सोलत असतं.

दुसरा फरक हवेचा. कमानीवरच्या छतात कापड आणि पत्रा यांच्यात मोकळी जागा राहते. पत्रा तापतो, पण कापडाला थेट चटका बसत नाही. कापड पत्र्यालाच चिकटवलं की ती जागा गेली, आणि गाडी आतून जास्त तापू लागली. आप्पा म्हणाले की नव्या लायनिंगनंतर गाडी “जास्त भाजते” असं त्यांना वाटत होतं, पण वयामुळे वाटत असेल म्हणून बोलले नाहीत. वयाचा काही संबंध नव्हता.

कोणी म्हणेल, आजकालच्या सगळ्या गाड्यांत हेच फोमचं कापड असतं. असतं, पण पत्र्यावर नाही. आधी साच्यातून काढलेला पुठ्ठ्यासारखा बोर्ड, त्यावर कापड. गोंद आणि तापलेला पत्रा यांची गाठच पडत नाही. आणि तरी दहा-बारा वर्षांनी तेही लोंबतं.

तेव्हा पर्याय दोनच उरले. एक, वरून बोर्ड करून बसवायचा. या गाडीचा टप दोन्ही दिशांना गोलाई घेतो, त्यामुळे बोर्ड साच्याशिवाय नीट बसत नाही, आणि बसला तरी डोक्यावरची उंची खातो. दोन, कमानी परत आणायच्या. आप्पांनी विचारलं की यात गाडीचं ‘विंटेज’ जाईल का. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि अट आहे ती चासी, बॉडी आणि इंजिन यांत बदल केलेला नसावा अशी. छताच्या कापडाचा प्रश्न येत नाही. पण तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, हेही सांगितलं. आप्पांनी विषय तिथेच सोडला. त्यांना गाडीतून मळ्यात जायचं असतं.

काच काढल्यावर दिसलेलं

मूळ पद्धतीत कापडाची पुढची आणि मागची कड काचेच्या चौकटीच्या पात्यावर, म्हणजे पत्र्याच्या उभ्या कडेवर, वळवून चिकटवतात आणि काचेचं रबर त्यावर बसतं. रबरच कापडाला दाबून धरतं. म्हणजे छत नीट करायचं तर दोन्ही काचा काढाव्याच लागतात. मागच्या कारागिराने काचा काढल्या नव्हत्या. स्क्रू ड्रायव्हरने रबराचा ओठ उचलून कापड आत कोंबलं होतं, वरून गोंद. रबर आधीच उन्हाने दगड झालेलं, त्याला जागोजाग चिरा गेल्या. दिसायला काही नाही, पण पावसाळ्याचं पाणी तिथून आत शिरायला मोकळं.

रबर वाचवायचा मोह सोडला. या गाडीचं काचेचं रबर अजून मिळतं. न चिरलेली, न ओरखडलेली जुनी काच मात्र सहज मिळत नाही. म्हणून बाहेरून कटरने रबराचा ओठ पूर्ण कापून काढला आणि आतून एका कोपऱ्यावर तळहाताने सावकाश दाब देत काच सोडवली. बाहेर काच झेलायला एक माणूस ठेवलाच पाहिजे. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे.

काच निघाल्यावर चौकटीच्या वरच्या पात्यावर गंज. डाव्या कोपऱ्यात तर टोचा सहज आरपार गेला. लायनिंगच्या कामात हा भाग नेहमी उशिरा कळतो. गिऱ्हाईकाला आधी सांगितलेला खर्च इथे मोडतो, म्हणून आम्ही सुरुवातीलाच सांगतो की काच निघेपर्यंतचा आकडा हा आकडा नव्हे. डेंटरने कुजलेला भाग कापून नवी पट्टी जोडली, घासलं, रेड ऑक्साइड मारलं, वर रंगाचा हात दिला.

पत्र्याला चिकटलेला जुना गोंद काढणं हे या सगळ्यातलं सर्वात घाणेरडं काम. काही जण पेट्रोलने पुसतात. बंद गाडीत, एप्रिलमध्ये, पेट्रोल. आम्ही आधी बॅटरीची तार काढली, चारही दरवाजे उघडे ठेवले, काचा तर नव्हत्याच, आणि पुट्टीच्या पात्याने जेवढं निघेल तेवढं कोरडंच खरवडलं. उरलेल्यावर थिनरचा ओलसर फडका. मधला पत्रा आरशासारखा करायची गरज नव्हती, कारण तिथे आता काही चिकटणार नव्हतं. कडा मात्र पूर्ण स्वच्छ, बोटाला काही लागणार नाही इतक्या.

छत आणि पत्रा यांच्यामध्ये काय घालायचं यावर थोडी चर्चा झाली. पूर्वी तागाचा किंवा कापसाचा जाड नमदा असायचा. तो ओल धरतो आणि गंजाला घर देतो. आप्पांच्या मुलाला थर्माकोल हवा होता, कोणीतरी ट्रकच्या केबिनमध्ये घातलेला बघितला होता. थर्माकोल थिनरच्या आणि सोल्यूशनच्या वाफेने विरघळतो आणि गाडी खड्ड्यांतून चालली की चुरचुरतो. शेवटी पत्र्याला ब्यूटाइल रबराचे स्वतः चिकटणारे तुकडे, म्हणजे टपाचा ढोल वाजणं कमी होतं, आणि त्याखाली पातळ, पाणी न पिणारा, चंदेरी पाठीचा फोम. हाही चिकटवलेलाच की, असा प्रश्न योग्य आहे. पण त्याचे तुकडे कमानींच्या वरून असे ठेवले की गोंद सुटला तरी ते कमानींवर टेकतील, कापडावर पडणार नाहीत.

कमानी

खरं काम इथे होतं.

प्रत्येक कमान वेगळी असते. लांबी वेगळी, गोलाई वेगळी. पुढची जरा सपाट, मधल्या जास्त उचललेल्या, मागची पुन्हा उतरती. म्हणून जुनं छत काढताना प्रत्येक तारेला पुढून मागे क्रमांक लावायचा, डावी-उजवी बाजू लिहायची आणि कोणत्या भोकात ती होती तेही लिहायचं, कारण काही ठिकाणी एकाशेजारी एक दोन भोकं असतात. मूळ तारा असत्या तर हे दहा मिनिटांचं काम. इथे फक्त भोकं होती.

सुदैवाने डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी यांच्या टपात फरक नाही, आणि पद्मिन्या २००० च्या सुमारापर्यंत निघत होत्या. धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे एक सांगाडा पडून होता. इंजिन नाही, दरवाजे नाहीत, चाकं नाहीत. छताचं रेग्झिन चिंध्या झालेलं, पण कमानी आत होत्या. ज्या भंगारवाल्याला गाडीत काय विकलं जातं हे माहीत असतं त्याला तारांचं काहीच वाटत नाही, त्याने त्या वजनावर दिल्या. दोन मात्र गंजून पातळ झालेल्या, वाकवली की मोडेल अशा. त्या नव्या कराव्या लागल्या.

नवी कमान साध्या बांधकामाच्या सळईची करू नये. ती ताण आला की वाकते आणि वाकलेलीच राहते. ताणाची तार घ्यायची, जी दाबली की परत आपल्या जागी येऊ बघते. जाडी जुन्या तारेला कॅलिपर लावून ठरवली. आकार काढायला आधी पुठ्ठ्याचा साचा पत्र्याच्या आतून लावून कापला, मग त्याची गोलाई थोडी खाली आणली, कारण कमान पत्र्याला टेकता कामा नये. टेकली तर खड्ड्यात आवाज करते आणि कापडाला त्या रेषेत उष्णता देते. एक-दीड सेंटिमीटर मोकळं असावं. घासून, रंग देऊन वाळवल्या. गंजाची तार नळीत घातली की दोन पावसाळ्यांत कापडावर तपकिरी रेघ उमटते.

मग सगळ्या कमानी नुसत्याच, कापडाशिवाय, गाडीत बसवल्या आणि पुढच्या चौकटीच्या मध्यापासून मागच्या चौकटीच्या मध्यापर्यंत, कमानींच्या वरून, दोरा ताणला. दोरा प्रत्येक कमानीला जेमतेम शिवला पाहिजे. कुठे दोरा कमानीपासून सुटला, तर ती कमान खाली, तिथे कापड खाली येणार. कुठे दोरा कमानीवर दबला, तर ती उंच, तिथे कापड वर ओढलं जाणार. नव्या दोनपैकी एकीवर दोरा थोडा दबत होता, ती टेबलावर घेऊन गुडघ्याच्या दाबाने सुधारली. मध्यावर झालं की दोरा डावीकडे आणि उजवीकडे सरकवून तेच. हे दोऱ्याचं काम कोणी करत नाही, आणि नंतर कापडाच्या सुरकुत्यांशी भांडत बसतात. सुरकुती पुष्कळदा कापडात नसतेच, कमानीत असते.

कापड, आणि त्याआधी मांजरपाट

कापड कोणतं, हे ठरायला पुरावा सापडला. मागच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या आतल्या बाजूला, जिथे मागचा कारागीर पोचला नव्हता, मूळ छताची चिंधी अडकलेली होती. हस्तिदंती रंगाचं, बारीक छिद्रांचं रेग्झिन. आप्पांनी ती हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाले, “हाईच व्हतं.” मग निवड संपली.

रेग्झिन आणि सुती किंवा लोकरी कापड यांत माझं मत खान्देशापुरतं स्पष्ट आहे. इथली धूळ, मळ्याचे रस्ते, उघड्या खिडक्या. कापड धूळ पितं आणि पुसता येत नाही. रेग्झिन ओल्या फडक्याने पुसलं की झालं. ते तापमानाने लांबतं-आखडतं, हा त्याचा दोष, त्याचा बंदोबस्त पुढे येतो. घेताना मात्र पाठीला विणलेलं कापड असलेलं पातळ रेग्झिन घ्यायचं. सीटसाठीचं जाड रेग्झिन छताला जड पडतं आणि कोपऱ्यात वळत नाही.

मापाला जुनं छत नव्हतं. चिकटवलेलं फोमचं कापड एकसंध, त्यावरून काही कळत नव्हतं. चाचांनी मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, मागवला. मांजरपाटाच्या आडव्या पट्ट्या कापल्या, कच्च्या टाक्यांनी जोडल्या, पाठीला नळ्या शिवल्या, कमानी घातल्या आणि ते आख्खं छत गाडीत टांगलं. कडांना चिमटे लावले. जिथे सैल तिथे टाचणीने दुमडून पेन्सिलने खूण, जिथे ओढलं जातंय तिथे टाका उसवून खूण. खालून बघत बसायचं, मान दुखेपर्यंत. हा मांजरपाट पुढे उसवून प्रत्येक पट्टीचा साचा झाला. त्यात दिसलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: पट्ट्यांच्या कडा सरळ रेषेत कापल्या तर बाजूंना कापड जास्त होतं, कारण टप बाजूंकडे उतरतो. म्हणून शिवणीची रेघ दोन्ही टोकांकडे किंचित आत घ्यावी लागते. किती, ते त्या त्या टपावर. ती किंचित गोलाई मांजरपाट सांगतो, टेप सांगत नाही.

रेग्झिन कापताना चारी बाजूंना हातभर नाही, पण बोटांत धरून ओढता येईल इतकं जास्तीचं ठेवलं, आठ-दहा सेंटिमीटर. प्रत्येक पट्टीच्या मध्यावर दोन्ही कडांना लहान खाच. शिवताना खाचेवर खाच. धागा पॉलिस्टरचा. टाका तीन-चार मिलिमीटरचा. याहून बारीक घातला की रेग्झिन पोस्टाच्या तिकिटांसारखं भोकांच्या रेघेवर फाटतं. नळ्यांची टोकं कडेपासून पाच-सात सेंटिमीटर अलीकडेच थांबवली. नळी कडेपर्यंत नेली तर ती बाजूच्या ओढीला अडवते आणि दरवाज्यावर प्रत्येक शिवणीपाशी चुणी येते.

कधी ताणायचं

इथे आप्पांची घाई आणि चाचांचा अनुभव समोरासमोर आले. काम तयार होतं, आखाजी जवळ आली होती, आणि दुपारी अडीच वाजता आप्पांचं म्हणणं होतं की बसवून टाका. चाचा म्हणाले, “हाई घाईनं काम नही, आप्पा. उन्ह उतरू द्या.”

कारण दुहेरी आहे. भर दुपारी रेग्झिन कमालीचं मऊ आणि लांब झालेलं असतं. त्या अवस्थेत पूर्ण ताणून चिकटवलं की डिसेंबरात, जेव्हा पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, ते आखडून शिवणी ओढतं किंवा कडेचा गोंद सोडवतं. उलट थंडीत किंवा पहाटे ताणलं तर मे महिन्यात लोंबणार. मधली वेळ हवी. शिवाय दुपारच्या गरम वाऱ्यात सोल्यूशन ब्रशवरच वाळतं. दोन्ही पृष्ठभागांना लावून, बोटाला चिकटणार नाही इतपत सुकू देऊन मग दाबायचं असतं. दुपारी एका टोकाला लावेपर्यंत दुसऱ्या टोकाला साय धरते आणि मग ते धरल्यासारखं करतं, पण धरत नाही. कडांसाठी जास्त उष्णता सोसणारं सोल्यूशन आणलं होतं, पण त्याचीही ही वेळ चुकवून चालत नाही.

म्हणून रेग्झिन दुपारी सावलीच्या कडेला सतरंजीवर पसरून ठेवलं, घड्या जाव्यात म्हणून. संध्याकाळी सातनंतर, पत्र्यावर हात सहज ठेवता येऊ लागल्यावर, ट्यूबलाइटच्या उजेडात सुरुवात.

सगळ्या कमानी बाहेरच नळ्यांत घातल्या. आत मागून सुरुवात केली. सर्वात मागची कमान भोकांत बसवून ती मागच्या चौकटीला दोन बारीक तारांनी ओढून बांधली, कारण पुढून कापड ओढलं की सगळ्या कमानी पुढे झुकू बघतात आणि मागची झुकली की बाकीच्यांचा तोल जातो. मग एकेक कमान टोकं भोकात अडकवून खालून वर उभी करत पुढे. सगळ्या उभ्या राहिल्यावर कापड आधीच छतासारखं दिसायला लागतं आणि नवशिक्याला वाटतं की झालं.

ओढायचा क्रम: आधी पुढचा मध्य आणि मागचा मध्य. खाचा दोऱ्याच्या रेषेवर आणून फायलींच्या काळ्या चिमट्यांनी चौकटीला धरायचं. मग बाजू, आणि बाजूंना ओढायचं ते फक्त शिवणीच्या रेषेत, शिवणीवरच धरून. दोन शिवणींच्या मधल्या कापडाला तिरकं ओढलं की तात्पुरती सुरकुती जाते आणि शिवण वाकडी होते. शिवण वाकडी झाली की ती खालून बघणाऱ्याला कायम दिसते. मध्यापासून कोपऱ्यांकडे, कोपरे सर्वात शेवटी. कोपऱ्यांत कापड वळावं म्हणून त्रिकोणी काप द्यावे लागतात, आणि काप नेहमी वाटतो त्याहून लहान द्यायचा. नंतर वाढवता येतो.

त्या रात्री गोंद लावलाच नाही. नुसत्या चिमट्यांवर छत रात्रभर ठेवलं. सकाळी ते थोडं सैल झालेलं होतं, जसं नेहमीच होतं. पुन्हा ओढलं. आता डाव्या मागच्या दरवाज्यावर एक तिरकी सुरकुती राहिली, ओढून जाईना. चाचांनी कापडाला हात न लावता आतून कमान चाचपली. भंगारातून आणलेल्यांपैकी एका कमानीचं टोक शेजारच्या दुसऱ्या भोकात हवं होतं. टोक सरकवलं, सुरकुती गेली. गोंद त्या संध्याकाळी लावला, बाजूंना आधी, पुढे-मागे नंतर.

मग दरवाज्यांची पायपिंग, ती कापडाची कड झाकते आणि दाबूनही धरते. ऊनझडपांचे आणि आरशाचे स्क्रू आम्ही कापड लावण्याआधी त्यांच्या भोकांत अर्धवट फिरवून ठेवले होते. कापडावरून बोट फिरवलं की डोकं लागतं, तिथेच टोच्याने बारीक छिद्र. कापडात मोठं भोक आधी पाडून ठेवणाऱ्याला छत पुन्हा शिवायची तयारी ठेवावी लागते. मध्ये कधीतरी लावलेला एक मोठा दिवा होता, तो आप्पांना परत हवा होता. तो कापडाला टांगला असता तर तिथे पुन्हा पोट सुटलं असतं. दरवाज्यांमधल्या खांबावर हलवला. आप्पा फारसे खूश नव्हते.

काचा शेवटी. नव्या रबराच्या खाचेत सुतळी फिरवून तिची टोकं आत सोडायची, साबणाच्या पाण्याने रबर ओलं करायचं, बाहेरून एकाने काचेवर थापट्या मारायच्या आणि आतून दुसऱ्याने सुतळी ओढत जायची. सुतळीबरोबर रबराचा ओठ चौकटीच्या पात्यावर चढत येतो. जास्तीचं रेग्झिन काच बसल्यानंतरच कापायचं. त्यानंतर नळी लावून पुढच्या काचेवर पाणी सोडलं आणि आत बसून बघितलं. डेंटरने जोडलेल्या कोपऱ्यासकट सगळं कोरडं. उरलेल्या बारीक चुण्यांवर वाफेची इस्त्री लांबून फिरवली. अगदी जवळ नेली तर रेग्झिन चकाकतं आणि ती चकाकी जात नाही.

गाडी आखाजीच्या आदल्या संध्याकाळी धरणगावमार्गे अमळनेरला गेली.

त्यानंतर

मे अखेरीस आप्पांचा मुलगा काही कामाने जळगावला आला तेव्हा गाडी दुपारी आमच्या दारात उन्हात होती. पुढच्या पट्टीत दोन कमानींच्या मध्ये बोटाने दाबलं तर किंचित सैलपणा जाणवत होता, डोळ्याला दिसत नव्हता. संध्याकाळी तो नव्हता. पावसाळ्यात काचेतून पाणी आलं नाही. डिसेंबरात छत ताणून बसलेलं, शिवणी शाबूत, कडेचा गोंद जागेवर. गाडी आतून कमी तापते का, हे मोजायला आमच्याकडे आधीचे आकडे नव्हते. आप्पा म्हणतात कमी तापते, आणि आता बोलतात.

एक गोष्ट राहिली. उजव्या मागच्या खांबाच्या वळणावर, काचेच्या कोपऱ्याजवळ, एक बारीक आडवी चुणी आहे. मागच्या सीटवर बसून मान वळवली तर दिसते. ती काढायची तर मागची काच पुन्हा काढावी लागेल आणि कोपऱ्यातला काप वाढवावा लागेल. चाचांना काच काढायची होती. आप्पांनी काढू दिली नाही. मूळ छतातही तिथे एक चुणी होती असं त्यांचं म्हणणं आहे, आणि खोटं ठरवायला आमच्याकडे त्या चिंधीपलीकडे काही नाही. उरलेलं रेग्झिन आणि भंगारातली न वापरलेली एक गंजकी कमान त्यांनी डिकीत टाकून नेली.